दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे

कांदा पिकवणाऱ्या आमच्या बंधूंना मलकपेठ हे नाव नवे नाही. हैदराबादचा कांद्याचा मोठा घाऊक बाजार तिथे भरतो आणि आपल्या नाशिक-सोलापूरकडचा कांदा तिथे जातो. गाडी खाली करून, अडत्याकडून पट्टी घेऊन परत फिरणाऱ्या माणसाचे लक्ष मात्र जवळूनच वाहणाऱ्या मुसी नदीकडे सहसा जात नाही. गेलेच तर नाकाला रुमाल लावून तो पूल ओलांडतो. घाण पाणी, त्यात माजलेले गवत, काठावर वेड्या बाभळी. इथे पाहण्यासारखे काय आहे, असेच कोणालाही वाटेल.

या पानावर आज आम्ही अशाच गवतात लपून राहणाऱ्या पाखरांविषयी आणि ती मोजणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी लिहीत आहोत. शेती व आरोग्याच्या पानावर पाखरे कशाला, असे काही वाचक विचारतील. म्हणून आमचे मत आधीच सांगून टाकतो. दलदलीतली पाखरे ठरलेल्या रीतीने, वर्षानुवर्षे आणि शेतकऱ्याला बरोबर घेऊन मोजली गेली पाहिजेत. ही मोजणी जिथे नीट झाली तिथे पाखरांबरोबर शेतकऱ्याचे आणि गुराख्याचेही म्हणणे ऐकले गेले. जिथे मोजण्याआधीच निर्णय झाले, तिथे दोघांचेही नुकसान झाले.

मुसी आणि तिच्या काठचे गवत

मुसी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते, हैदराबाद शहराच्या मधून वाहते आणि पुढे नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे तलाव बांधून झाले. पूर आटोक्यात आला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. मात्र वरचे स्वच्छ पाणी अडले. पावसाळा सोडला तर शहरातल्या पात्रातून वाहते ते बहुतेक सांडपाणीच. मलकपेठच्या समोर, नदीपलीकडे अंबरपेठेत सांडपाणी शुद्ध करण्याचा मोठा कारखाना आहे. रोज ३३ कोटी ९० लाख लिटर पाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता आहे. तरीही शहर एवढे वाढले आहे की नदी स्वच्छ झाली असे कोणी म्हणू शकत नाही.

या पाण्याला वास आहे, पण ते बारा महिने आहे. आपल्याकडच्या जिरायती शेतकऱ्याला बारमाही पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. मुसीच्या खालच्या अंगाला पीरजादीगुडा, पर्वतापूर, प्रतापसिंगारम अशा गावांत शेतकऱ्यांनी याच पाण्यावर पॅरा गवत लावले. त्याच्याही खाली भातशेती आहे. पॅरा गवत एकदा लावले की पुन्हा पुन्हा फुटते. ते विळ्याने कापायचे, भारे बांधायचे आणि शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशींना घालायचे, यावर पुष्कळ कुटुंबांची चूल पेटते. मुसीकाठच्या या शेतीचा अभ्यास आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत केला आणि सांडपाण्यावर पोसलेली शेती ही शहराच्या पोटापाण्याचा भाग आहे, हे जगासमोर मांडले.

हेच उंच, दाट, सदा ओले गवत लाजऱ्या पाखरांनाही मानवते. माणसाला चारा दिसतो तिथे त्यांना घर दिसते.

ही पाखरे कोणती?

आपल्या गावच्या तळ्याकाठी, कालव्याच्या पाझरावर, भाताच्या खाचरात हीच मंडळी असतात. लाजरी पाणकोंबडी सर्वांच्या परिचयाची आहे. पाठ काळपट, तोंड आणि छाती पांढरीशुभ्र, शेपटीखाली तांबूस रंग. पावसाळ्यात पहाटे आणि रात्री ती ‘कुवाक, कुवाक’ असा गलका करते. एकटीचा आवाज ऐकून चार-पाच जणी भांडत असाव्यात असे वाटते. माणसाची चाहूल लागली की शेपटी झटकत झुडपात शिरते.

बगळ्याच्या कुळातला तापस तिच्याहून बिलंदर. धोका वाटला की चोच आभाळाकडे करून ताठ उभा राहतो. अंगावरच्या रेघा गवताच्या काड्यांसारख्या दिसतात. वाऱ्याने गवत हलले तर तोही तसाच हलतो. त्याला तापस हे नाव ज्याने दिले त्याने पक्षी नीट पाहिला असला पाहिजे. फटाकडी ही पाणकोंबडीची लहान बहीण, चिखलातून उंदरासारखी पळते. पाणकोंबडा पावसाळ्यात घुमतो आणि एरवी गायब असतो. रंगीत पाणलाव्याची रीत तर जगावेगळी आहे. मादी देखणी, नर साधा, आणि अंडी उबवून पिले सांभाळण्याचे काम नराकडे.

यांतली बरीचशी पाखरे उडण्यापेक्षा पळणे आणि दडणे पसंत करतात. त्यामुळे ती आहेत की नाहीत हे ठरवायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

जानेवारीची मोजणी अपुरी का पडते?

आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. स्वयंसेवक दिवसा तलावाच्या काठी उभे राहतात, दुर्बिणीने बदके, चक्रवाक, करकोचे मोजतात. हे काम मोलाचे आहे. त्यातूनच कोणत्या तलावाला किती महत्त्व आहे हे सरकारला कळते. परंतु ही मोजणी उघड्या पाण्यावरच्या पाखरांना साजेशी आहे. आमच्या लाजऱ्या मंडळींना ती लागू पडत नाही. ती जानेवारीत गप्प असतात, दिवसा दडून असतात आणि त्यांची वीण पावसाळ्यात असते. ज्या महिन्यात ती बोलतात त्या महिन्यात मोजणारे घरी असतात. मग कागदावर त्यांच्या नावापुढे शून्य पडते किंवा एक-दोन असा आकडा येतो, आणि पुढचा माणूस तो कागद वाचून म्हणतो, ‘इथे काही विशेष नाही, भराव टाकायला हरकत नाही.’

इथे एक साधा हिशेब मांडतो. समजा, शंभर जागी पाणकोंबडी खरोखरच आहे. एका पहाटे तिथे गेल्यावर ती ओरडण्याची आणि आपल्याला ऐकू येण्याची शक्यता निम्मी आहे. एकदाच गेलो तर पन्नास जागी ती सापडेल आणि उरलेल्या पन्नास जागी ‘नाही’ अशी खोटी नोंद होईल. दुसऱ्या फेरीत त्या पन्नासांपैकी आणखी पंचवीस जागा कळतील. तिसऱ्या फेरीत आणखी बारा-तेरा. तीन फेऱ्यांनंतर चुकणाऱ्या जागा पन्नासावरून बारा-तेरावर येतात. एका फेरीत ‘नाही’ म्हणणारा आणि तीन फेऱ्यांनंतर ‘नाही’ म्हणणारा, या दोघांच्या शब्दांना सारखे वजन देता येत नाही. गाय गाभण आहे की नाही हे गोठ्याच्या दारातून पाहून कोणी सांगत नाही, तसेच हे.

विद्यार्थी हे काम कसे करतात?

दलदलीतली पाखरे मोजण्याची एक ठरलेली रीत उत्तर अमेरिकेत बसवली गेली आणि २०११ मध्ये ती सविस्तर छापली गेली. थोड्याफार फरकाने इतर देशांतही तिचा उपयोग होतो. तिचा गाभा आमच्या कोणत्याही अकरावी-बारावीच्या मुलामुलीला समजेल असा आहे.

१. दलदलीच्या कडेने जागा आधी नकाशावर ठरवायच्या. दोन जागांत सुमारे चारशे मीटर अंतर ठेवायचे, म्हणजे एकच पाखरू दोनदा मोजले जात नाही.

२. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून काम सुरू करायचे आणि ऊन चढण्याच्या आत संपवायचे. वारा किंवा पाऊस जोराचा असेल तर त्या दिवशी जायचे नाही, कारण आवाज ऐकू येत नाही.

३. प्रत्येक जागी पाच मिनिटे काहीही न करता, न बोलता उभे राहायचे आणि कान द्यायचे. कोणते पाखरू, कोणत्या मिनिटाला, कोणत्या दिशेला आणि अंदाजे किती अंतरावर ओरडले, हे वहीत लिहायचे.

४. त्यानंतर एकेका जातीचा ध्वनिमुद्रित आवाज अर्धा मिनिट ऐकवायचा आणि अर्धा मिनिट थांबायचे. आपल्या हद्दीत परका आला असे वाटून दडलेले पाखरू उत्तर देते.

५. विणीच्या हंगामात त्याच जागी किमान तीन वेळा जायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच.

चौथ्या गोष्टीबद्दल सावधगिरीचा शब्द सांगणे भाग आहे. हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पाखरांचे आवाज असतात. छायाचित्र मिळावे म्हणून तेच तेच आवाज वाजवून पाखरांना हैराण करणारे हौशी लोकही आहेत. विणीच्या दिवसांत अंड्यांवरचे पाखरू उठले तर कावळा आणि मुंगूस वाटच पाहत असतात. म्हणून हे काम जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मिनिटापुरतेच झाले पाहिजे. घरटे सापडले तर त्याची जागा गावभर सांगू नये. पाणकोंबड्या फासे लावून पकडणारे अजूनही आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

या अभ्यासात विद्यार्थ्याला मिळते ते पाखरांच्या यादीहून अधिक आहे. पाच मिनिटे गप्प राहून ऐकणे, ऐकले तेवढेच लिहिणे आणि काही ऐकू आले नाही तर प्रामाणिकपणे शून्य लिहिणे ही सवय आयुष्यभर उपयोगी पडते. पहाटे उठून, चिखल तुडवून शून्य लिहिताना मन खट्टू होते. पण ते शून्य खोडून एक केला की पुढच्या दहा वर्षांचा हिशेब नासतो.

हैदराबादेत अशा कामाला जुनी परंपरा आहे. १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली आणि तिचा वृत्तांत १९३३-३४ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. आपला मराठवाडा त्या वेळी त्याच राज्यात होता. हैदराबादेत १९८० पासून पक्षीनिरीक्षकांची संस्था आहे. तिला आज डेक्कन बर्डर्स म्हणतात. २०२५ मध्ये या संस्थेने इतर संस्थांबरोबर हैदराबादच्या पक्ष्यांचा नकाशा करण्याचे काम हाती घेतले. शहराचे चौकोन पाडून, वेगवेगळ्या ऋतूंत नागरिक आणि विद्यार्थी मोजणी करतात. हे पाऊल योग्य दिशेने आहे. आमचे म्हणणे एवढेच की चौकोनांच्या या मोजणीला जोडून मुसीच्या गवतासाठी वेगळी, पावसाळी, कानाने करायची मोजणी हवी आणि तीत गवत कापणारा माणूस हवा.

भरतपूरने शिकवलेला धडा

गवत कापणारा माणूस कशासाठी, याचे उत्तर राजस्थानातल्या भरतपूरने दिले आहे. तिथले केवलादेव हे पाणपक्ष्यांचे जगप्रसिद्ध रान. आसपासच्या गावांच्या म्हशी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराई बंद करण्यात आली. म्हशी हटल्या की पाखरे वाढतील, असा समज होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे प्राणास मुकली.

सुदैवाने मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे अभ्यासक १९८० पासून तिथे मोजणी करत होते. डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांनी दहा वर्षे पाणी, गवत, मासे आणि पाखरे यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून निघाले ते अपेक्षेच्या उलट होते. म्हशी गेल्यावर एका जातीचे पाणगवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि त्यावर अवलंबून असलेल्या पाखरांची अडचण झाली. म्हशी गवत खाऊन आणि तुडवून तलाव मोकळा ठेवत होत्या. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी द्यावी लागली.

या गोष्टीत दोन्ही बाजूंना धडा आहे. चराई बंद करणाऱ्यांनी आधी मोजले असते तर कदाचित माणसे मेली नसती. आणि गुराख्याची बाजू पुढे खरी ठरली ती भाषणांनी नव्हे, दहा वर्षांच्या वह्यांनी. शेतकऱ्याने विद्यार्थ्याच्या वहीकडे संशयाने पाहू नये, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. ती वही पुष्कळदा त्याचीच साक्ष असते.

याचा अर्थ सगळीकडे म्हशी सोडाव्यात असा कोणी घेऊ नये. उघड्या पाण्यावरच्या बदकाला गवत कमी लागते, तापसाला आणि फटाकडीला दाट लागते. किती कापावे, किती राखावे हे त्या त्या जागी मोजूनच ठरेल.

स्कॉटलंडचे गवत आणि विळा

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण चारा कापणाऱ्याला जवळचे वाटेल. पाणकोंबडीच्याच कुळातले एक पाखरू युरोपात गवताच्या कुरणात राहते. ते दिसत नाही. उन्हाळ्याच्या रात्री नर एकसारखा खरखर ओरडतो, कंगव्याच्या दातांवरून काडी फिरवल्यासारखा. यंत्राने गवत लवकर कापले जाऊ लागले तेव्हा त्याची अंडी-पिले पात्याखाली सापडू लागली आणि ब्रिटनमधून ते नाहीसे होत चालले. १९९३ मध्ये रात्री फिरून आवाजावरून मोजणी केली तेव्हा जेमतेम पाचशेच्या आसपास नर उरले होते, तेही बहुतेक स्कॉटलंडच्या बेटांवर.

तेव्हा अभ्यासकांनी शेतकऱ्यांना दोन गोष्टी सांगितल्या. गवत थोडे उशिरा कापा. आणि कापणी कडेकडून आत न करता मधून सुरू करून बाहेर या, म्हणजे पिलांना कडेला पळून जाता येईल. कडेकडून कापत आत गेले की पाखरे मधल्या शेवटच्या तुकड्यात कोंडली जातात. ऊस तोडताना शेवटच्या फडात ससे आणि रानमांजरे कशी अडकतात हे आपण पाहिलेच आहे. हे करणाऱ्या शेतकऱ्यांना होणाऱ्या खोटीबद्दल पैसे देण्यात आले. २०१४ पर्यंत ओरडणारे नर बाराशेच्या पुढे गेले. त्यानंतर संख्या पुन्हा घसरली आणि प्रयत्न वाढवावे लागले, हेही सांगितले पाहिजे. मोजणी चालू होती म्हणूनच ती घसरण वेळीच कळली.

इथे आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: पाखराला घर मिळावे म्हणून शेतकऱ्याचे नुकसान होत असेल तर ते त्याने एकट्याने सोसू नये. जांभळी पाणकोंबडी भाताची कोवळी ताटे तोडते, हे भात लावणाऱ्याला माहीत आहे. ते नाकारून भागणार नाही. मोजणीत नुकसानीचीही नोंद व्हावी आणि भरपाईचा प्रश्न त्या नोंदीवर उभा राहावा.

आत्ताच का?

मुसीचा चेहरामोहरा बदलण्याची योजना तेलंगण सरकारने हाती घेतली आहे. २०२४ मध्ये नदीपात्रातल्या घरांवर लाल खुणा केल्या गेल्या आणि मलकपेठच्या बाजूच्या मुसानगर, शंकरनगर अशा वस्त्यांतली कुटुंबे सरकारी घरांत हलवण्यास सुरुवात झाली. काहींना पक्के घर मिळाल्याचे समाधान आहे, काहींना रोजगार आणि मुलांची शाळा दूर गेल्याचे दुःख आहे. नदी स्वच्छ व्हावी, पुराच्या तोंडी कोणी राहू नये, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. गटारगंगेच्या काठी मुलांनी वाढावे असे कोण म्हणेल?

परंतु नदी स्वच्छ करणे आणि तिला दोन्ही काठांनी दगड-सिमेंट लावून बाग करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिखल, पाणकणीस आणि ओले गवत काढून टाकले तर फिरायला येणाऱ्यांना जागा मिळेल, पण लाजऱ्या पाखरांना जाण्यासारखे दुसरे ठिकाण त्या शहरात फारसे उरलेले नाही. आणि खालच्या गावांतल्या गवत कापणाऱ्यांचे पाणी बदलले तर त्यांच्या म्हशींचे काय, हा प्रश्न नकाशावर दिसत नाही. पाखरू गवतात दडलेले असते, मजूर आकडेवारीत दडलेला असतो. दोघांच्याही बाबतीत ‘दिसत नाही म्हणून नाही’ असे धरून चालणे सोपे जाते. म्हणून आधी मोजा, मग आखा, एवढीच आमची मागणी आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न आहे. मलकपेठेत कांदा पाठवणाऱ्या निफाड तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा बांधला गेला, गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पाखरे आली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा, आणि ही घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. हिवाळ्यात तिथे पाहुण्यांची रीघ लागते. पावसाळ्यात, पाणी गढूळ आणि वाट चिखलाची असते तेव्हा, दडलेल्या पाखरांचा हंगाम असतो. जवळच्या महाविद्यालयांतील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि काठच्या ऊस-द्राक्षवाल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी मिळून ती मोजणी हाती घ्यावी. शेतकऱ्याच्या मुलाला बांधावरचा प्रत्येक आवाज ओळखीचा असतो. शहरातल्या विद्यार्थ्याला जे शिकायला वर्ष लागते ते त्याला आजोबांकडून फुकट मिळालेले असते.

आरोग्याची काळजी

हे पान आरोग्याचेही आहे, म्हणून दलदलीत उतरणाऱ्यांसाठी, मग ते विद्यार्थी असोत की गवत कापणारे, चार सूचना देतो.

पहिली, अनवाणी उतरू नये. हैदराबादजवळ सांडपाण्यावर शेती करणाऱ्या कुटुंबांची तपासणी करून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शुद्ध न केलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांना आकडीच्या जंतांचा धोका अधिक असल्याचे त्यात दिसले. या जंतांच्या अळ्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त शोषतात आणि माणूस फिकट होतो, दमतो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हा त्यावर स्वस्त उपाय आहे. सतत अशा पाण्यात काम असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध वेळोवेळी घ्यावे.

दुसरी, पायाला जखम किंवा भेग असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊ नये. उंदीर आणि गुरे यांच्या मुतातून लेप्टो पसरतो. पाण्यात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर दोन दिवस वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि आपण पाण्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगावे.

तिसरी, साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. मोजणीच्या वेळी तोंडात पेन्सिल धरण्याची सवय मुलांनी सोडावी.

चौथी, पहाटेच्या अंधारात एकट्याने जाऊ नये. हातात काठी आणि बॅटरी असावी. गवतात साप असतात. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता इस्पितळात न्यावे.

आता शेतकरी बंधुभगिनींनो, तुमच्या मनातल्या एका शंकेविषयी. पाखरे मोजली, कोणी दुर्मिळ जात सापडली, तर सरकार जमीन ताब्यात घेईल किंवा शेतीवर बंधने येतील, ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. भरतपूरला तसे घडले आहे. पण तिथे बंदी आली ती मोजणीमुळे नव्हे, समजुतीमुळे. तिचा फेरविचार करायला मात्र मोजणीने भाग पाडले. वही आपल्या हाती नसेल तर दुसऱ्याची वही आपल्याविषयी बोलेल. म्हणून मोजणारे आपल्या शिवारात आले तर त्यांना हाकलू नका. त्यांच्याबरोबर आपल्या मुलामुलींना पाठवा आणि नोंदीची एक प्रत गावात ठेवून घ्या. शिक्षकांनीही अशा नोंदी परीक्षेचे गुण मिळाल्यावर रद्दीत घालू नयेत. पहिल्या वर्षाच्या वहीला एकटीला फारसा अर्थ नसतो, दहाव्या वर्षीची वही तिच्याशेजारी ठेवली की तिला किंमत येते.

येत्या मृगानंतर पाऊस लागला की एक पहाट आपल्या तळ्याच्या किंवा पाझराच्या कडेला पाच मिनिटे उभे राहून पाहा. बोलू नका, मोबाइल बंद ठेवा. जे ऐकू येईल ते तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी पुन्हा जा. आणि ‘इथे काही नाही’ असे म्हणायचेच असेल, तर ते त्यानंतर म्हणा.